कार्बोरेटर बदलला, बिघाड कुठला?

साशंक : कार्बोरेटर बदलला आणि गाडी बिघडली, ही दोन्ही विधानं खरी असतील. पण पहिल्यामुळे दुसरं झालं, हे अजून सिद्ध व्हायचंय. 1971 सालची फियाट डिलाइट म्हणजे पन्नाशी उलटलेलं 1089 सीसीचं इंजिन. अशा इंजिनात दोष एकमेकांना धरून राहिलेले असतात. एक सैल झालेलं दुसऱ्या झिजलेल्यानं भरून निघतं आणि गाडी चालत राहते. त्यात एक वस्तू नवी आली की सगळा मेळ मोडतो आणि आळ नव्या वस्तूवर येतो. म्हणून आधी तक्रारी सुट्या सुट्या सांग. नुसतं 'बरोबर चालत नाही' म्हणालास, तर हातात पाना धरायचा कुठल्या नटासाठी?

हौशी : सांगतो, काका. पण आधी बदलला का ते ऐका. हौसेपोटी चांगली वस्तू काढून फेकली, असं कुणाला वाटायला नको. मूळ सोलेक्सची थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात खुळखुळत होती. तिथून हवा ओढायची, त्यामुळे स्लो काही केल्या लागायचा नाही. बुश घालून घेतले, तर वर्षभरात परत तेच. दुरुस्तीचा किट आणला, तर पॅकिंग जाड आणि नीडल अडकणारी. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या गाडीचं सामान मिळत होतं. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच संपल्यावर सुटे भाग कोण बनवणार? म्हणून नंतरच्या काळातल्या आठशे सीसीच्या गाडीवरचा जपानी पद्धतीचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर घेतला. तळेगावात ॲल्युमिनियमची प्लेट मिल करून घेतली आणि तिच्यावर तो बसवला. मॅनिफोल्डला एकही नवं भोक पाडलेलं नाही. सपाटीवर गाडी पूर्वीपेक्षा मोकळी पळते. वडगाव ते कामशेत बसून बघा, तुम्हाला कळेल.

तक्रारी तीन. स्लो स्थिर राहत नाही, वरखाली होतो. ॲक्सिलेटर झटकन दाबला की क्षणभर मरते आणि मग उचलते. आणि तिसरी सगळ्यांत वाईट. खोपोलीहून वर येताना घाटाच्या मध्यावर धाप लागते, मिसिंग करते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं, पंपावर पाणी ओतलं, की काही झालंच नाही अशी चालू होते.

साशंक : म्हणजे तीन तक्रारी आणि कदाचित तीन कारणं. स्लोपासून सुरू करू, कारण तो बिघडलेला असेल तर पुढचं काहीच तपासता येत नाही. पूर्वी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एकच सांधा होता. तू प्लेट घातलीस, आता दोन झाले. प्लेट मिलवर सपाट झाली असेल, पण तू नट आवळलेस कसे? एका बाजूनं पूर्ण आवळून मग दुसरी बाजू धरलीस, तर कार्बोरेटरचा पाया वाकतो आणि कागदाच्या पॅकिंगमधून केसाएवढी फट राहते. इंजिन स्लोवर असताना साबणाचं पाणी ब्रशनं दोन्ही सांध्यांवर लाव. जिथं फेस आत ओढला जाईल आणि इंजिनाचा आवाज बदलेल, तिथं हवा मारतेय. काही लोक हे पेट्रोल शिंपडून बघतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तसला खेळ करू नकोस.

दुसरं, त्या कार्बोरेटरच्या अंगाला वायर निघालेला एक छोटा सोलेनॉइड आहे. चावी बंद केली की स्लोचं पेट्रोल तोडणं हे त्याचं काम. त्याला चावीवरून बारा व्होल्ट मिळालेच पाहिजेत. कनेक्शन ढिलं असेल तर स्लोचा मार्ग मध्येच बंद-चालू होत राहतो आणि माणूस दिवसभर मिक्स्चरचा स्क्रू फिरवत बसतो.

हौशी : वायर मी जोडली होती, पण ती फ्यूजच्या जुन्या पट्टीवरून घेतलीय. ती बघतो. सांध्याबद्दल मात्र एक सांगायचं होतं. मी व्हॅक्यूम गेज लावला. काटा सोळावर उभा राहिला. पुस्तकात सतरा ते एकवीस इंच लिहिलंय. म्हणून मी धरून चाललो की एकतर हवा मारतेय, नाहीतर व्हॉल्व्ह गेलेत. हेड काढायचं ठरवतच होतो.

साशंक : हेडला हात लावू नकोस. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. आपण लोणावळ्यात दोन हजार फुटांवर बसलोय. तुझा सोळा म्हणजे मुंबईतला अठरा झाला. काटा स्थिर होता का, हे महत्त्वाचं. ठरावीक तालात खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, सावकाश झुलत असेल तर मिक्स्चर, आणि स्थिर पण फारच खाली असेल तर हवा किंवा टायमिंग. मुंबईच्या मिस्त्रीला ही वजाबाकी करावी लागत नाही. आपल्याला लागते.

हौशी : झुलत होता, सावकाश. झटका नव्हता.

साशंक : मग आधी साबणाचं पाणी आणि ती वायर. आता तुझी दुसरी तक्रार. ॲक्सिलेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, हवा लगेच आत धावते, पेट्रोल जड म्हणून मागं राहतं. ती उणीव भरायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. इंजिन बंद करून एअर फिल्टर काढ, तोंडातून आत बघ आणि हातानं थ्रॉटल उघड. पेट्रोलची पिचकारी त्याच क्षणी, न तुटता आली पाहिजे. अर्धा थ्रॉटल उघडल्यावर आली, तर तुझ्या लिंकेजची लांबी चुकलीय. तू ॲक्सिलेटरची मूळ दांडी ठेवलीस, नव्या कार्बोरेटरचा लिव्हर वेगळ्या लांबीचा आहे. हे अगदी शक्य आहे.

पण त्याहून मला डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, शंका येते. तुझ्या गाडीचा डेल्को कुणीतरी मागंच बदललाय, त्याला व्हॅक्यूमची नळी आहे. ती तू नव्या कार्बोरेटरच्या कुठल्या नळीला जोडलीस? थ्रॉटलच्या वरच्या नळीत स्लोला व्हॅक्यूम नसतो, पाकळी उघडली की येतो. खालच्या नळीत स्लोलाच पूर्ण व्हॅक्यूम असतो. तू खालच्या नळीला जोडली असशील, तर स्लोवर टायमिंग पुढं गेलेलं असतं, आणि पाय दाबताक्षणी व्हॅक्यूम पडून ते मागं येतं. जिथं जोर हवा तिथंच इंजिन ढेपाळतं. बिघाड दिसतो कार्बोरेटरचा, असतो नळीचा. कार्बोरेटरच्या नावानं खडे फोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची गाडी शेवटी पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंगवर सुधारते, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जुना कार्बोरेटर परत लाव. गाडी पूर्वी जशी होती तशी आली, तर दोष नव्या जोडणीत. नाही आली, तर दोष आधीपासूनचा. त्यासाठी दोन तास लागतील, पण अंदाज संपतील.

हौशी : इथं मी तुमच्याशी सहमत नाही, काका. तुलना कशाशी करायची? जुना कार्बोरेटर झिजलेलाच आहे. तो लावला तर गाडी पूर्वीसारखीच वाईट चालेल, आणि त्यातून मला एवढंच कळेल की ती पूर्वी वाईट चालत होती. मापायला निघालो आणि फूटपट्टीच वाकडी, तर मापाला अर्थ काय?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेट्रोलच बदललंय. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या पेट्रोलवर तिचे जेट ठरले. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं, 2030 चं उद्दिष्ट 2025 वर आणलं गेलं, आणि आज पंपावर गेलं की तेच मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे 8 टक्के जास्त इंधन हवं. जुना जेट तेवढं देऊ शकत नाही, मिक्स्चर पातळ पडतं. मूळ कार्बोरेटर नवाकोरा मिळाला तरी तो आजच्या पेट्रोलला चुकीचाच. मूळ स्थितीकडे परत जा म्हणता, पण त्या स्थितीतली अर्धी गोष्ट पंपावर शिल्लकच नाही. मग कार्बोरेटर बदलला यात मी वेगळं काय केलं?

साशंक : तुझा हा मुद्दा वजनदार आहे. पण त्याचं उत्तर जेट आहे, कार्बोरेटर नव्हे. इंधन 8 टक्के जास्त हवं, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ 8 टक्के वाढव, म्हणजे व्यास 4 टक्के. 120 नंबरचा जेट असेल तर 125 चा. एवढ्याशा पितळी तुकड्यानं भागणाऱ्या कामासाठी तू अख्खं यंत्र बदललंस. आणि नव्या यंत्राचे जेट तरी कुठं या पेट्रोलसाठी बनलेत? ते तीन सिलिंडरच्या, आठशे सीसीच्या इंजिनाच्या श्वासाला जुळवलेले. आपल्या चार सिलिंडरला ते मोठे पडतात की लहान, हे कागदावर सांगता येत नाही. प्लग बघूनच कळतं.

हौशी : प्लग बघितले. लोणावळ्यात घरी आल्यावर काढले. काळपट, कोरडी काजळी. म्हणजे मिक्स्चर जाड. मग मी मेन जेट लहान केला. त्यानंतरच घाटातला त्रास वाढला.

साशंक : घरी येऊन काढलेस ना? घाट संपल्यावर खंडाळ्यातून आणि लोणावळ्याच्या बाजारातून तू रांगेत, स्लोवर, थांबत थांबत आलास. प्लगनं तुला तो बाजार दाखवला. घाटातला लोड तोवर पुसून गेला होता. स्लोचा मार्ग वेगळा, मेन जेटचा वेगळा. स्लो जाड असताना तू मेन जेट लहान केलास, म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आणि आता आपल्या भागाची खरी अडचण ऐक. खोपोली ते खंडाळा साधारण पाचशे मीटरची चढण. लोणावळ्याची हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचसहा टक्क्यांनी विरळ. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्यामुळे विरळ हवेत मिक्स्चर साधारण 3 टक्के जाड होतं. आपण गाडी लोणावळ्यात ट्यून करतो, इथल्या हवेत बरोबर बसवतो. मग ती घेऊन खाली जातो. खाली हवा दाट, तीच सेटिंग तिथं 3 टक्के पातळ. त्यावर इथेनॉलचं 8 टक्के पातळपण. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, खोपोलीपाशी, दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीनिशी आपण इंजिनाकडं सगळी ताकद मागतो. पातळ मिक्स्चर लोडखाली तापतं, टकटक करतं, व्हॉल्व्ह जाळतं. म्हणून लोणावळ्यात राहणाऱ्यानं मेन जेट घाटाच्या पायथ्यासाठी निवडावा. वर आल्यावर थोडा जाड राहिला तरी चालेल.

हौशी : मग पीयूसीचं काय? एमएच 14 ची गाडी, दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागतो. जाड ठेवली की नापास.

साशंक : पीयूसी स्लोवर होतं. स्लोचा स्क्रू इथल्या हवेला बसव, मेन जेट खालच्या हवेला. दोन्ही एकाच वेळी साधतं. फक्त एक ध्यानात ठेव. पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे घाटातलं मिक्स्चर बरोबर आहे, असं समजू नकोस. तो कागद घाटाबद्दल काहीच सांगत नाही.

हौशी : हे मला पटलं. जेट वाढवतो. पण जेट लहान करण्याआधीही गाडी घाटात बंद पडत होती, निदान मे महिन्यात तरी. ती वाफेनंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पूर्वी घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या थांबवून लोक फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकत, ते याचसाठी. टाकी मागं, पंप पुढं इंजिनाच्या अंगाला. पंप पेट्रोल ओढतो, ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबात तापलेलं पेट्रोल लवकर उकळतं. इथेनॉलच्या मिश्रणानं ते आणखी सहज उडतं. नंतरच्या गाड्यांनी यावर परतीची नळी काढली. जादा पेट्रोल सतत टाकीकडं फिरत राहतं, नळीत तुंबून तापत नाही. माझ्या कार्बोरेटरबरोबरची मूळ व्यवस्था तशीच होती. मी कार्बोरेटर आणला, परतीची नळी आणली नाही. अर्धंच काम केलं. आता ते पुरं करायचंय. टाकीच्या वरच्या अंगाला एक भोक, एक नळी, परतीच्या नळीसाठी तोंड असलेला पंप. आणि कार्बोरेटरखाली बॅकेलाइटचा जाड तुकडा, म्हणजे इंजिनाची उष्णता वर चढणार नाही.

साशंक : बॅकेलाइटचं आधी सांगतो. मे महिन्यात तो उपयोगी. पण इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतो, मॅनिफोल्ड गार पाडतो. जुलैच्या धुक्यात किंवा डिसेंबरच्या पहाटे त्या गारठ्यात पेट्रोल नीट उडणार नाही, गाडी गरम होईपर्यंत चोक ओढून बसावं लागेल. मावळात वर्षातले कितीतरी महिने गारव्याचे. घाट मे महिन्याचा, गाडी बारा महिन्यांची.

आता वाफेचं. तू पाणी ओतलंस, दहा मिनिटं थांबलास, गाडी चालू झाली. ती पाण्यानं चालू झाली की दहा मिनिटांनी? कॉइल किंवा कंडेन्सर तापून कमजोर झाला असेल तर तोही हुबेहूब असाच वागतो. लोडखाली तापतो, ठिणगी मरते, गाडी मिसिंग करत बंद पडते. दहा मिनिटांत गार होतो आणि परत चालू. पाणी तू पंपावर ओतलंस, पण बॉनेट उघडं होतं, वारा सगळ्यांनाच लागला. तुझा पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच लागू पडतो.

वेगळं करायची पद्धत सोपी आहे. गाडी बंद पडल्याबरोबर, काहीही गार होण्याआधी, एअर फिल्टर काढ, थ्रॉटल हलव, आत बघ. पिचकारी आली, तर बाउलमध्ये पेट्रोल आहे. लगेच प्लगची वायर काढून ठिणगी बघ. निळी, जाड आली तर ठीक, पिवळसर आणि बारीक आली तर कॉइल-कंडेन्सर. पिचकारीच नाही आली, तर वाफ किंवा पंप. आणि पंपाचा डायफ्रॅम तपासल्याशिवाय वाफेचं नाव घेऊ नकोस. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, चिरतं, आणि पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घे. तेलाला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नकोस. हे सगळं जुन्या रस्त्यावर, बाजूला, सुरक्षित जागी. एक्सप्रेस वेवर गाडी उभी करून निदान करायचं नसतं.

हौशी : बंद पडल्याबरोबर मी कधीच आत बघितलं नाही. आधी पाणीच ओतलं. ते मान्य. पण समजा पिचकारी आली नाही, डायफ्रॅमही चांगला निघाला. मग तरी परतीच्या नळीला तुमची हरकत काय?

साशंक : टाकीला भोक पडलं की ते बुजत नाही. तुझी प्लेट चार नट काढले की निघते, म्हणून तिच्याबद्दल मी फार बोललो नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचा नियम काढला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खाजगी वापराची, मूळ रूपातली गाडी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. तुझी गाडी वयानं बसते. उद्या तू किंवा तुझ्यानंतरचा मालक त्या नोंदणीला गेला, तर तपासणाऱ्यासमोर काय ठेवशील? नियम तर आहेच, पण त्याहून मला वाटतं की कुर्ल्याच्या कारखान्यात त्या काळी मोटार कशी जुळवत होते, याची नोंद अशा गाड्यांतच राहिलीय. ती नोंद खोडायचा हक्क मालकालाही जपून वापरायला हवा.

हौशी : त्याच नियमात लिहिलंय की व्हीए नंबरची गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढंच. मला तशी गाडी नकोय. मला मुंबईला जाऊन परत घाट चढणारी गाडी हवीय. आणि नोंदीचं म्हणाल तर मुंबईतल्या हजारो पद्मिनी सीएनजीवर धावल्या. डिकीत सिलिंडर, कार्बोरेटरवर मिक्सर. त्या गाड्यांनी माणसं वाहिली, घरं चालवली. त्या मूळ नव्हत्या म्हणून खोट्या होत्या का? तुम्हीच म्हणालात, माझा डेल्को कुणीतरी आधीच बदललाय. प्रत्येक मालकानं त्या त्या वेळच्या अडचणीवर काहीतरी केलं म्हणूनच ही गाडी माझ्यापर्यंत आली. कारखान्यातल्यासारखीच ठेवायची म्हणून कुणी बसलं असतं, तर ती केव्हाच भंगारात गेली असती.

साशंक : यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. चालत राहिल्यानं गाडी टिकते, हे खरं. आणि चालत ठेवता ठेवता ती वेगळी होत जाते, हेही खरं. फरक मी एवढाच करतो की जे काढून परत लावता येतं ते कर, आणि जे परत लावता येत नाही ते निदान झाल्याशिवाय करू नकोस. जुना कार्बोरेटर एक्स्चेंजमध्ये दिलास का?

हौशी : नाही. डब्यात आहे.

साशंक : त्याच्या सगळ्या जेटांचे नंबर वहीत उतर, बाउल कोरडा कर, तेलाचा हात फिरवून ठेव. आपल्याकडच्या पावसाळ्यात इथेनॉलचा ओलावा राहिला तर आत पांढरी भुकटी धरते.

हौशी : ठेवतो. पण टाकीचं मी सोडलेलं नाही. पिचकारी आली नाही, तर मी नळी टाकणार.

साशंक : तेव्हा मी परत विरोध करणार. आधी वायर, सांधे, डेल्कोची नळी आणि जेट. मग दुसरी चांगली कॉइल आणि कंडेन्सर लावून एकदा भर दुपारी घाट चढ. बंद पडली, तर पाणी ओतू नकोस. फिल्टर काढून आत बघ, आणि काय दिसलं ते मला सांग.